बापाचा बैल

शंकेखोर : तुझ्या टीव्हीच्या कपाटावर तो एकशिंगी बैल पाहिला. आधी हसू आलं, मग हिशेब सुचला. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याच्या, आधी नागपुरात बाजारातून नुसती चक्कर मार. चाकं लावलेले, शिंगं रंगवलेले लाकडी बैल ओळीनं मांडलेले असतात. तळहाताएवढ्या बैलापासून पोराला वर बसता येईल एवढ्या नंदीपर्यंत. त्यातला मधल्या मापाचा एक उचलला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. तू सागवानाची फळी आणलीस, ड्रिल मशीन आणलंस, पटाशी आणलीस, चार शनिवार-रविवार घालवलेस, अंगठ्याला तीन टाके घेतलेस. एवढं करून जो बैल उभा राहिला त्याचं मागचं उजवं चाक जमिनीला टेकत नाही. हे सगळं नेमकं कुणासाठी होतं? लेकीसाठी म्हणशील, तर लेकीला बैल हवा होता. बापानं सुतार व्हावं असं तिचं काही म्हणणं नव्हतं.

हौशी : हिशेब तू कमीच धरलास. ड्रिलचं एक बिट मोडलं ते राहिलं, आणि चार रविवार बायकोनं एकटीनं बाजार केला तेही राहिलं. पण सुरुवात कुठून झाली ते ऐक. लेक पाच वर्षांची आहे. आषाढात एकदा तिनं विचारलं, 'या वर्षीचा बैल कधी येणार?' कोण आणणार, कुठून आणणार, काही नाही; नुसतं येणार. तेव्हा लक्षात आलं, की तिच्या लेखी घरातल्या वस्तू दोनच ठिकाणांहून येतात : एक फ्रीजमधून आणि दुसरं कुरिअरवाल्याच्या हातून. चौथ्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलीनं याहून वेगळं का समजावं? माझ्या लहानपणी धाकट्या भावाचा पांगुळगाडा मोडला की तो डोक्यावर घेऊन मी सुताराकडे जायचो. तो रंधा मारायचा, कुरळ्या ढलप्या पायाशी पडायच्या, आणि त्या खिशात कोंबून मी घरी यायचो. झाड आणि बैल यांच्यामध्ये एक माणूस असतो, त्याला वेळ लागतो, त्याचं चुकतं, चुकलेलं तो पुन्हा करतो, एवढं तिला दिसावं, इतकीच इच्छा होती. तिला सुताराकडे नेऊन दाखवता आलं असतं, कबूल. पण तिथं ती पाहुणी असती. घरी ती भुशात बसली.

शंकेखोर : भुशात बसली हे छान. पण तिला दिसलं काय? माझे वडील सुतारकाम करायचे, त्यामुळे तुझा बैल मला दुरूनच वाचता येतो. तू एकाच फळीवर बैलाचं चित्र काढलंस आणि कडेकडेनं कापलंस. पाठ फळीच्या लांबीत आली, पाय रुंदीत आले. लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं नसतं. झाड ज्या दिशेला वाढलं त्या दिशेनं त्याचे तंतू जातात; त्या दिशेला ते भार झेलतं, आडवं पडलं की बिस्किटासारखं मोडतं. तुझ्या बैलाच्या पाठीत तंतू लांबच्या लांब गेले, पायांत मात्र ते आडवे, इंच-इंचाचे तुकडे झाले. पाय मोडणारच होता. म्हणून जाणता सुतार पाय वेगळे घडवतो, उभ्या रेघांचे, आणि धडात बसवतो. शिंगंही तशीच. तुझ्या पहिल्या चाकांची गत त्याहून वाईट. कडुनिंबाच्या ओल्या फांदीच्या चकत्या कापल्यास, दिसायला देखण्या, आत वर्तुळं असलेल्या. लाकूड वाळताना घेराच्या दिशेनं जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते मध्यापासून सालीकडे आक्रसतं. या ओढाताणीत चकती मध्यापासून कडेपर्यंत उलते. दिवाळीपर्यंतही टिकली नसती. तुझी चार दिवसांत पंख्याखाली उलली. वस्तू माणूस घडवतो, हे तुला लेकीला दाखवायचं होतं. तू तिला दाखवलंस ते ज्याला येत नाही त्याचं घडवणं. गाणं शिकवायला कुणी बेसूर मास्तर ठेवतं का?

हौशी : पाय मोडला तो क्षण सांगतो. रविवारी दुपारी, पॉलिश पेपर मारत होतो. बैल मांडीत दाबून धरला होता. कट् असा बारीक आवाज झाला आणि पुढचा डावा पाय फरशीवर पडला. मी तोंडातली शिवी गिळली. लेकीनं पाय उचलला, मोडलेल्या जागेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, 'बाबा, आत पण रेघा आहेत.' मी पाहिलं. वरून ज्या रेघा मला नुसती नक्षी वाटत होत्या त्याच आतही होत्या, त्याच दिशेनं, आणि पाय नेमका एका रेघेवर सुटला होता. आम्ही दोघं बराच वेळ बैलाच्या पाठीवरच्या रेघा मोजत बसलो. त्यानंतर आठवडाभर ती पोळपाटावर, दाराच्या चौकटीवर, शाळेच्या लाकडी पट्टीवर नख फिरवून सांगत होती, 'हे असं मोडेल, हे असं नाही मोडणार.' तू आता जे तंतूंचं सांगितलंस ते तिला पाचव्या वर्षी बोटानं कळलं, आणि मला बेचाळिसाव्या वर्षी. तुझ्या वडिलांच्या हाताखाली लाकूड शहाण्यासारखं वागलं असतं आणि काही बोललंच नसतं. माझ्याकडे ते भांडलं, म्हणून आम्हाला ऐकू आलं. गाण्याच्या मास्तराचं म्हणशील, तर मी मास्तरकी कुठं केली? घरात एखादा माणूस गुणगुणत असेल तर त्यानं मुलाचा कान बिघडतो का?

शंकेखोर : गुणगुणावं खुशाल; फक्त गुणगुणणाऱ्यानं स्वतःला भीमसेन समजू नये. आणि ते समजणं टळत नाही, हे मी मनचं सांगत नाही. 2012 साली नॉर्टन, मोचोन आणि एरिएली या तीन संशोधकांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. कागदाच्या घड्या घालून पक्षी-बेडूक करायला लोकांना बसवलं आणि मग त्याला किती पैसे द्याल असं विचारलं. ज्यांनी केले त्यांना आपले वेडेवाकडे बेडूक तज्ज्ञांच्या बेडकांच्या तोडीचे वाटले. बाहेरच्यांना तो चुरगळलेला कागद वाटला. गंमत म्हणजे, इतरांनाही आपल्याइतकाच तो बेडूक आवडेल अशी करणाऱ्यांची खात्री होती. घरी आणून जोडायच्या फर्निचरच्या कंपनीवरून त्याला 'आयकिया परिणाम' असं नाव पडलं. तुझ्या बैलाकडे तू पाहतोस ते या डोळ्यांनी. लेकीचे डोळे वेगळे आहेत. तान्ह्या पोळ्याला कॉलनीतली सगळी पोरं आपापले बैल घेऊन ओळीत उभी राहतात. शेजारच्या पोराच्या बैलाला आरसे, झूल, घुंगरं, गळ्यात प्लास्टिकच्या फुलांची माळ. ते दृश्य आपल्याकडे फार जुनं आहे. 'मृच्छकटिका'तल्या चारुदत्ताचा पोरगा रोहसेन आठव. शेजाऱ्याच्या मुलाची गाडी सोन्याची, याच्या हातात मातीची. त्या पोराला मातीचं सौंदर्य कुणी समजावलं नसेल का? तो रडला. नाटकाचं नावच त्या मातीच्या गाडीवरून पडलं.

हौशी : त्या प्रवेशात चारुदत्त कुठं आहे? मातीची गाडी पोराच्या हातात दिली ती रदनिकेनं, घरच्या दासीनं, त्याचं रडं थांबावं म्हणून. बापानं माती कालवली नाही, पोरगं शेजारी बसून चाकं थापत नव्हतं. सोन्याच्या गाडीला पर्याय म्हणून समोर आलेली गाडी होती ती, आणि पर्याय म्हणून दिलेली वस्तू मूल बरोबर ओळखतं. तू बाजारातून स्वस्तातला प्लास्टिकचा बैल आणून दिला असतास तरी ते असंच रडलं असतं. पुढचंही आठव. नायिका वसंतसेना अंगावरचे दागिने काढून त्या गाडीत भरते, सोन्याची गाडी कर म्हणते, आणि तेच दागिने पुढं न्यायसभेत चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा होतात. नाटककार शूद्रकाला सोन्याच्या गाडीचं कौतुक होतं असं मला तरी दिसत नाही. पण तुझा नेम अगदीच चुकला नाही, हेही सांगतो. ओळीत उभी असताना लेकीनं शेजारच्या घुंगरांकडे पाहिलं. एकदा नाही, बऱ्याचदा. मी ते पाहिलं, आणि मला वाईट वाटलं. तिला किती वाटलं ते ठाऊक नाही.

शंकेखोर : एवढं मोकळेपणानं मान्य केलंस, तर आता जरा वैऱ्यासारखं विचारतो. खेळणं म्हणजे नुसती भावना नव्हे. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का लागतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला सुटा तुकडा 31.7 मिलिमीटर व्यासाच्या एका छोट्या नळकांड्यात टाकून पाहतात. मावला तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. कडा, टोकं, रंगातलं शिसं, सगळ्याची तपासणी होते. तुझ्या घरात धाकटा दीड वर्षाचा आहे, त्याला दिसेल ते तोंडात घालायचं आहे. आणि तू ऑनलाइन व्हिडिओ पाहून केलेला बैल त्याच घरात ठेवतोस. बापाची माया हे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

हौशी : कायदा विक्रीला आहे, आणि हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराला त्यातूनही सूट आहे. पण कायद्याच्या आड मी लपत नाही, कारण शिंग त्या नळकांड्यात मावलं असतं. म्हणून बैल धाकट्याच्या हातात दिलेला नाही, आणि टीव्हीच्या कपाटावर तो जाण्याचं पहिलं कारण तेच. रंगाचं सांगतो. 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त चालत नाही. डब्यावर ते वाचूनच पाण्यातला रंग घेतला. त्याखाली मात्र जवसाचं तेल लावलं, आपल्या विदर्भातलंच. दुकानात डबाबंद उकळलेलं मिळतं, पण ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. म्हणून घाण्यावरचं कच्चं आणलं. कच्चं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं. कोरड्या दिवसांतही त्याला चांगला आठवडा लागतो. श्रावणातल्या ओलीत बारा दिवस बैल हाताला चिकटत होता. तेलाचा बोळा चुरगळून ठेवला तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो, हे कळल्यावर मी प्रत्येक चिंधी पाण्यात बुडवून टाकत होतो आणि बायको मला वेड लागलं म्हणत होती. पूर्वी दुकानातलं खेळणं मी आईच्या विश्वासानं पोरांच्या हातात द्यायचो. आता उलटं करून पाहतो, कडेवरून बोट फिरवतो. बैल केल्यामुळे मी निष्काळजी झालो, असं तुला म्हणता येणार नाही.

शंकेखोर : बरं, ते राहू दे. मला मुळात जे खुपतं ते आता बोलतो. पोळ्याआधीचा पंधरवडा म्हणजे आमच्या घरची दिवाळी. वर्षभर दारं-खिडक्या, पाटे-चौरंग. या पंधरा दिवसांत फक्त बैल. वडील धड कापायचे, काका पाय आणि शिंगं बसवायचा, आई आणि आम्ही भावंडं रंग द्यायचो. चाळीस-पन्नास बैल अंगणात वाळत असायचे आणि त्यातला एकही आमचा नसायचा. तान्ह्या पोळ्याच्या दुपारपर्यंत जो विकला गेला नाही तो माझा. कधी कान तुटलेला, कधी पाय आखूड. माझ्या वडिलांनी पटाशी कधी हौस म्हणून धरली नाही. तू शनिवार-रविवारी धरतोस, सोमवारी ठेवून देतोस, आणि लोक म्हणतात, वा, काय गुणी बाप. माझ्या वडिलांना कुणी गुणी म्हटलं नाही, 'वीस कमी कर' म्हटलं. जे काम एकाचं पोट आहे ते दुसऱ्याचं छंद होतं, आणि छंदवाल्याच्या वाट्याला कौतुक येतं. वर एक गिऱ्हाईक कमी झालं ते वेगळंच. सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याची खेळणी आणि लाकडी फळं करणाऱ्यांना, कर्नाटकात चन्नपट्टणच्या लेथवर लाखेचा रंग चढवणाऱ्यांना, सगळ्यांना गिऱ्हाइकाची गरज आहे. हौशी स्पर्धकाची नाही.

हौशी : हे ऐकल्यावर गप्प बसावंसं वाटतं. तरी दोन गोष्टी बोलतो. पाय मोडल्यावर मी बाजारात ज्या सुताराकडे गेलो, त्यानं पेन्सिलीनं दोन रेघा मारून पाय कसे वेगळे कापायचे ते दाखवलं, आस सैल ठेवायला सांगितली, कारण पावसात लाकूड फुगतं आणि चाक अडकतं. दहा मिनिटांचं काम. पैसे विचारले तर नको म्हणाला. त्याच्याकडचा एक बैल मी भाच्यासाठी घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही. आधी करत आलो होतो, कारण त्या किमतीत काय काय आहे हे हाताला माहीत नव्हतं. दुसरं, हात आणि डोकं वेगळं ठेवल्यानंच तुझ्या वडिलांचं काम हलकं ठरलं ना? इथून दोन तासांवर वर्ध्याला 1937 च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण ही कल्पना मांडली. लेखणीवाल्याच्या पोरानंही हात मळवावेत, यात सुताराचा अपमान आहे की मान?

शंकेखोर : गांधीजींचं नाव घेतलंस तर पुरतं घे. त्या योजनेत काम पोरानं करायचं होतं, बापानं नव्हे. आणि पोरांनी केलेला माल विकला जावा, त्यातून शाळेचा खर्च निघावा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे वस्तू कामाची हवी. प्रयत्न केला म्हणून पाठ थोपटून घ्यायची सोय नव्हती. तुझं मागचं चाक तिथं पास झालं नसतं. पण मी तुला एक वेगळीच गोष्ट सांगतो, जी मलाही इतक्या वर्षांत नीट कळली नव्हती. तो आखूड पायाचा बैल. मी त्याला पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकला, माझा मीच. तो चिखलातून ओढला, विहिरीच्या काठावरून खाली टाकून पाहिला, शेपटी जाळली. वडिलांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्या बैलात त्यांचा जीव अडकलेला नव्हता. त्यांच्या हातून तशी हजारो जनावरं गेली होती. तो बैल पुरता माझा झाला, कारण तो मोडायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. तुझ्या घरी आलो तेव्हा लेकीनं बैल उचलला आणि तू 'हळू' म्हणालास. मी मोजलं. अर्ध्या तासात सात वेळा. चार शनिवार-रविवार आणि तीन टाके ज्यात आहेत तो बैल पोरीला मोडता येतो का? येत नसेल तर तो बैल कुणाचा?

हौशी : सात असतील. कमीच असतील. कपाटावर जायचं पहिलं कारण धाकटा, असं मघाशी म्हणालो. दुसरं हेच, आणि ते पहिल्याच्या मागं बरं लपतं. आता विचारलंस तर सगळंच सांगतो. रंगवायची वेळ आली तेव्हा मला गवळाऊ बैल हवा होता, वर्ध्याकडचा, पांढरा, आखीव. तिनं ब्रश घेतला आणि निळा केला. नाकापासून शेपटीपर्यंत निळा. मी छान म्हणालो. आणि ती झोपल्यावर, रात्री साडेअकराला, पॉलिश पेपरनं तो निळा रंग घासून काढला आणि पांढरा दिला. गळ्याखाली जिथं पेपर पोचला नाही तिथं अजून निळं आहे.

शंकेखोर : सकाळी ती काय म्हणाली?

हौशी : काही नाही. 'बैलानं आंघोळ केली का?' एवढंच. मी हो म्हणालो. त्यानंतर ती त्या बैलाशी कमी आणि उरलेल्या तुकड्यांशी जास्त खेळायला लागली. शिंगं कापताना दोन तिकोनी तुकडे पडले होते, पायांमधले चौकोनी होते, उललेल्या चकत्या होत्या. तिकोनी तुकडे म्हणजे सामोसे, चकत्या म्हणजे भाकऱ्या; सगळं सामान बैलासाठीच, पण बैल हजर असायलाच हवा असं नव्हतं.

शंकेखोर : मग तुझं खेळणं तेच झालं. तू टाकून दिलेलं. मी आता तुझी बाजू थोडी घेतो, कारण तू मला वाटलास तितका चुकलेला नाहीस. तू फक्त हवं तिथं थांबला नाहीस. पाय मोडला तेव्हा, रेघा मोजल्या तेव्हा, ती भुशात बसली तेव्हा ते काम दोघांचं होतं. बैल पुरा व्हायला लागला तसा तो तुझा होत गेला, आणि पांढरा झाला त्या रात्री पुरता तुझा झाला. अरविंद गुप्तांची खेळणी बघ. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. मूल दहा मिनिटांत करतं, अकराव्या मिनिटाला मोडतं, पुन्हा दुसरंच करतं. त्यात कुणाचा जीव अडकावा इतका वेळच कुणी घातलेला नसतो. सागवानाचं खेळणं टिकाऊ असतं असं तू म्हणशील, आणि टिकाऊपणाची हीच गोची आहे. बाप मुलासाठी खेळणं करत असेल तर ते त्यानं अर्धवटच सोडावं, हेच मला दिसतं. नुसतं धड द्यावं, बाकी पोरानं बघावं.

हौशी : इथं मी तुझ्याबरोबर येत नाही. अर्धवट सोडण्याचं तत्त्व बोलायला सोपं आहे, आणि ज्याला चाक गोल करता येत नाही त्याला तर फारच सोयीचं. तिला ओढायला बैल हवा होता. चाक फिरलं नाही तर बैल फरपटतो आणि पोर दोरी टाकून देतं. पाच वर्षांच्या मुलीच्या हातात करवत देता येत नाही. कुणीतरी नेटानं पुरं करायलाच लागतं, आणि नेटानं करायचं म्हणजे जीव अडकणारच. तुझ्या वडिलांचा अडकला नाही कारण बैल हजार होते. ती मोकळीक तुला मिळाली, पण तू मघाशी ज्या सुरात 'मान वर करून पाहिलंसुद्धा नाही' म्हणालास, तो सूर मला काही नुसत्या मोकळिकीचा वाटला नाही. एका पोराच्या बैलाकडे बाप अजिबात बघत नाही, दुसरीच्या बैलाकडे नको इतकं बघतो. यातलं कुठलं बरं, हे तू मला सांगू शकतोस का? करणाऱ्याला जपावंसं वाटणार, खेळणाऱ्याला आपटावंसं वाटणार. एका वस्तूला दोन धनी झाले की ओढाताण होणारच. तुझ्या त्या उललेल्या चकतीसारखी.

शंकेखोर : सांगू शकत नाही. विक्रीतून उरलेला बैल मिळाला याचं मला तेव्हा वाईट वाटायचं, हे खरं आहे. आणि मनसोक्त खेळलो तो त्याच बैलाशी, हेही खरं आहे. दोन्हीचा मेळ मला आजवर बसवता आलेला नाही. चकतीचंही म्हणशील, तर ती उलू नये म्हणून सुतार ती ओंडक्यातून कापतच नाही, फळीतून कापतो. मग ती उलत नाही. पण वाळता वाळता एका अंगानं किंचित चपटी होते. पूर्ण गोल चाक लाकडात राहत नाही. वडील म्हणायचे, चालतंय ना, मग झालं. तुला मी एवढंच म्हणेन, पुढच्या वर्षी रंग घासू नकोस.

हौशी : नाही घासणार. पण पुढच्या वर्षीही बैल मीच करणार, आणि पायाच्या रेघा उभ्या असतील. तेवढा हट्ट ठेवतो.

शंकेखोर : आणि या बैलाच्या शिंगाचं काय? शिंग म्हणजे खुंटीचं काम. भोक तयार आहे, तासाभरात नवं बसेल. बसवलं का नाहीस?

हौशी : तिला विचारलं, नको म्हणाली. तान्ह्या पोळ्याला बैल खाली तिच्या हातात दिला आणि या वेळी मी मागून गेलो नाही. दोरी धरून ती पोरांच्या घोळक्यात चार इमारती फिरली, दारोदारी बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागितला. परत आली तेव्हा मुठीत एकशेदहा रुपये होते, बैलाच्या पोटापर्यंत चिखल होता आणि उजवं शिंग नव्हतं. 'हळू' म्हणायची वेळ गेली होती. शिंग कुठं पडलं, हे मी तिला विचारलं नाही.

शंकेखोर : विचारलं नाहीस, हे चांगलं केलंस. पण शोधायला गेला होतास की नाही?

हौशी : गेलो होतो. ती झोपल्यावर, टॉर्च घेऊन. दोनदा.